बाबांची स्थळप्रत

टक्... टक्... टक्... मग दोन सेकंद शांतता. आणि पुन्हा टक्... टक्... टक्...

हा आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल, तर देव तुमचं भलं करो. ऐकला असेल तर या, बसा, आपण एकाच जातकुळीतले.

2024 च्या जूनमधला एक आळशी रविवार. बाहेर पाऊस, मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन पसरलेली, शेजारी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. आईनं बाथरूममधून हाक मारली, ‘अगं, दूध बघ, उतू जाईल!’ मी धडपडत उठले, वायर पायात आली आणि डिस्क फरशीवर. उंची किती? फार तर दीड फूट! मी आधी गॅस बंद केला. दूध वाचलं.

परत येऊन डिस्क लावली आणि हे टक्-टक् सुरू झालं.

त्या डिस्कमध्ये काय नव्हतं? इंजिनीअरिंगची चार वर्षं, गोव्याच्या तीन ट्रिप्स, पहिल्या जॉबचं ऑफर लेटर, मैत्रिणींच्या लग्नांचे हजारो फोटो (त्यातले निम्मे जेवणाच्या पंगतीचे), कुणाकुणाच्या पेनड्राइव्हमधून उचललेली गाणी. हे सगळं गेलं असतं तर मी दोन दिवस रडले असते, तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले असते. पण त्यात ‘बाबा’ नावाचा एक फोल्डर होता. त्यात सतरा वर्ड फाइल्स. सगळ्या मिळून एखाद्या फोटोएवढ्यासुद्धा भरल्या नसत्या. आणि त्यांची दुसरी कॉपी, माझ्या माहितीप्रमाणे, जगात कुठेही नव्हती.

आता गंमत ऐका. मी काम काय करते माहितेय? खराडीतल्या एका कंपनीत क्लायंटच्या सिस्टिम्सचे बॅकअप नीट होतायत ना, हे बघते. दर तीन महिन्यांनी आमचं डीआर ड्रिल असतं, म्हणजे सगळं सर्व्हर बंद पडलंय असं समजून सगळं परत उभं करून दाखवायचं. त्याचं चाळीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन मी करते. त्यात ‘आरपीओ’ नावाची एक भानगड असते. साध्या मराठीत सांगायचं तर किती वेळाचं काम गमावलं तर तुम्हाला चालेल? एक तास? एक दिवस? क्लायंट म्हणतो, पंधरा मिनिटं. आम्ही म्हणतो, ओके सर. माझ्या घरचा आरपीओ काय निघाला? एक अख्खा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आणि हे माझ्या बाबांना कळलं असतं ना, तर त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून एकच प्रश्न विचारला असता. ‘स्थळप्रत कुठंय?’

स्थळप्रत! हा शब्द तुमच्यापैकी ज्यांचे आई-बाबा सरकारी नोकरीत होते त्यांनाच माहीत असणार. बाबा हेडक्लार्क होते. ऑफिसातून कुठलंही पत्र बाहेर गेलं की त्याची एक कार्बन कॉपी फाइलला लागायचीच. ती स्थळप्रत. मूळ पत्र जावो खड्ड्यात, स्थळप्रत शाबूत पाहिजे. हा नियम बाबांनी घरातही लावला. माझ्या मार्कशीटच्या स्थळप्रती, गॅसच्या पावतीच्या स्थळप्रती, रेशनकार्डाच्या तर पाच. मी कॉलेजला असताना एकदा गमतीनं म्हटलं, ‘बाबा, माझी पण एक स्थळप्रत काढून ठेवा.’ ते म्हणाले, ‘एकच झेपत नाही.’

हे वेड कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. 12 जुलै 1961. पुणेकरांना तारीख सांगायची गरज नाही. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये घुसलं. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. नारायण पेठेतला त्यांचा वाडा, म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, पाण्याखाली गेल्या. माणसं वाचली. पण एक ट्रंक गेली. त्यात आजोबांच्या लग्नाचा फोटो होता, पणजीचा एकुलता एक फोटो होता, जन्मपत्रिका होत्या, पणजोबांच्या हातची एक वही होती. आमच्या घरात आजही 1961 च्या आधीचा एकही चेहरा नाही. पणजी कशी दिसत होती, ते कुणालाच ठाऊक नाही. बाबा म्हणायचे, ‘ती माझ्यासारखी दिसायची असं सगळे सांगायचे. पण मी कुणासारखा दिसतो, हे मला कसं कळणार?’

आपल्या भाषेत सांगायचं तर आमच्या घराण्याचा पहिला डेटा लॉस.

बाबा 2010 मध्ये रिटायर झाले. माझ्या दहावीनंतर, म्हणजे 2006 मध्ये, घरी असेंबल्ड पीसी आला होता. पेंटियम फोर, ऐंशी जीबीची डिस्क, धुळीच्या कव्हरातला तो जाडजूड मॉनिटर आणि लाइट गेले की कोकलणारा यूपीएस. मी हॉस्टेलला गेले आणि बाबांनी त्याचा ताबा घेतला. नोकरीत असताना एमएस-सीआयटी केलेलं होतंच. आयुष्यभर मराठी टाइपरायटर बडवलेली बोटं, त्यामुळे कीबोर्डही ते तसाच बडवायचे. खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. लिहीत काय होते? आठवणी. वाडा, पूर, पुरानंतरची वर्षं, पहिली नोकरी. रोज दुपारी चहानंतर एक पान. झालं की उठायचं, आईला हाक मारायची आणि ते पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. आई निवडटिपण करता करता ऐकायची. मला फोनवर विचारायचे, ‘तुला पाठवलंय, वाचलंस का?’ मी म्हणायचे, ‘वाचते हो बाबा, डेडलाइन आहे.’

2018 मध्ये बाबा गेले. मी वाचलं नव्हतं.

मग 2021 मध्ये, लॉकडाऊनच्या आवराआवरीत, मी तो पीसी भंगारात काढला. अर्थात डेटा काढून घेऊनच, मी काय वेडी आहे? नवी एक टीबीची डिस्क आणली, जुन्यातलं सगळं तिच्यात टाकलं, जुनी डिस्क फॉरमॅट मारून भंगारवाल्याला दिली आणि छान झोपले. माझ्या डोक्यात हे ‘बॅकअप घेतला’ म्हणून नोंदलं गेलं. खरं म्हणजे मी फक्त एका पिशवीतलं सामान दुसऱ्या पिशवीत भरलं होतं. पिशवी आधीही एकच होती, नंतरही एकच. ही चूक तुम्हीही केलेली असणार. डोळ्यांत बघून सांगा, फोनमधले फोटो हार्ड डिस्कमध्ये टाकून फोनमधून उडवले ना? मग तो बॅकअप नाही. ते स्थलांतर.

तर, टक्-टक्.

त्या वेळी शहाण्या माणसानं काय करावं, हे मी ऑफिसात डोळे मिटून सांगितलं असतं. वायर काढायची, पुन्हा लावायची नाही. या डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला 5400 वेळा फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून तरंगत असतं. डिस्क पडली, हेडला मार बसला, की ते बिचारं आपली जागा शोधत राहतं, सापडत नाही, परत फिरतं. तेच ते टक्-टक्. अशा वेळी डिस्क जितक्यांदा चालू कराल, तितक्यांदा ते चकतीवर ओरखडे काढण्याची शक्यता.

मी सात वेळा चालू केली. हो. सात.

मग कुणीतरी सांगितलं, डिस्क फ्रीजरमध्ये ठेव, चालू होते. मी, बीई कॉम्प्युटर, बारा वर्षांचा एक्स्पीरियन्स, डिस्क झिपवाल्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली. आतमध्ये दव धरून उरलीसुरली वाट लागते, हे मला माहीत होतं. पण घाबरलेला माणूस अंगारासुद्धा लावतो. तासाभरानं आईची हाक आली, ‘हे काय ठेवलंयस गं आत? मी मटार म्हणून काढत होते!’

सोमवारी हाफ डे टाकून तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत जगातली कुठलीही वायर मिळते, पण तिथल्या काकांनी डिस्क कानाला लावली, पेशंटची नाडी बघावी तशी, आणि मान हलवली. ‘हे आपलं काम नाही मॅडम. ही उघडायला क्लीन रूम लागते. धुळीचा एक कण गेला तरी संपलं.’ त्यांनी एका रिकव्हरी लॅबचा पत्ता दिला. काकांनी पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं.

लॅबवाल्यांचं कोटेशन 35 हजार. फाइल्स निघाल्या तरच द्यायचे. तीन आठवडे गेले. मग फोन आला. ‘मॅडम, फोटो बरेच निघालेत. पण डॉक्युमेंट्सचा जो भाग आहे ना, नेमका तिथेच स्क्रॅच आहे.’ मला त्यांनी एक लिस्ट मेल केली. फोल्डर ‘बाबा’. सतरा नावं. वाडा. पूर. ट्रंक. शाळा. अशी एकेक. पंधरावं, ‘लग्न फायनल टू’. सोळावं, ‘कर्वेनगर फ्लॅट’. सतरावं, ‘चिमणी’.

चिमणी म्हणजे मी. बाबा मला चिमणी म्हणायचे.

नावं सगळी होती. आत काही नव्हतं. त्या बिचाऱ्या मुलानं फोनवर विचारलं, ‘मॅडम, बॅकअप नव्हता का?’ मला त्याला सांगता येईना की बॅकअप हेच माझं डिपार्टमेंट आहे.

त्या रात्री मी टीव्हीवर ‘टॉय स्टोरी 2’ लावला. उगाच नाही. त्याची गोष्ट आमच्या धंद्यात ट्रेनिंगला नवीन पोरांना सांगतात. 1998 साली हा सिनेमा बनत असताना पिक्सारमध्ये कुणाच्या तरी हातून फाइल्स उडवणारी कमांड चुकीच्या जागी चालली. लोक बघतायत आणि स्क्रीनवरून एकेक पात्र गायब होतंय! मशीनच्या वायरी उपटेपर्यंत जवळपास सगळा सिनेमा गेला होता. बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता, आणि हे कुणी तपासलंच नव्हतं. शेवटी वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन नावाच्या बाईंनी. त्या सिनेमाच्या सुपरवायझिंग टेक्निकल डायरेक्टर होत्या, नुकतंच बाळ झालेलं, म्हणून घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बसवून आणला म्हणे. (पुढे स्टोरीच पटली नाही म्हणून सिनेमाचा बराचसा भाग पुन्हा केलाच. आपल्याकडच्या क्लायंटसारखंच.)

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाबांसारखा माणूस, ज्यानं गॅसच्या पावत्यांच्या झेरॉक्स ठेवल्या, तो सतरा प्रकरणं एका डिस्कवर ठेवून जाईल?

दुसऱ्या दिवशी बाबांचं कपाट उघडलं. फायली, फायली आणि फायली. आणि सगळ्यात खाली, ‘महत्त्वाचे’ लिहिलेल्या पाकिटात, एक सीडी. वर त्यांच्या वळणदार अक्षरात, ‘आठवणी 1 ते 9. स्थळप्रत. दि. 4/3/2012’. मी अक्षरशः नाचले. मग लक्षात आलं, घरात सीडी लावायला जागाच नाही! लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह कधीच गेले. ऑफिसातल्या एकाकडे यूएसबीवर चालणारा निघाला. सीडीनं बराच वेळ घरघर केली. घरी बर्न केलेल्या सीडीत एक रंगाचा थर असतो, लेझरनं त्यावर लिहिलेलं असतं, आणि ऊन-उकाड्यानं तो रंग विटतो. बाबांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. तरी सात फाइल्स वाचल्या गेल्या.

उघडल्या. आणि स्क्रीनवर काय? डोक्यावर टोप्या आणि पायात घुंगरू घातलेली इंग्रजी अक्षरं. ओळीच्या ओळी. एक शब्द मराठी नाही.

तुम्ही आता फोनवर बिनधास्त मराठी टाइप करता, त्यामुळे हे विसरायला झालंय. पण युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी अक्षर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी आणि युरोपियन अक्षरांच्या जागांवर आपल्या काना-मात्रांची चित्रं चिकटवलेली असायची. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की गचाळा. बाबांचा लाडका फॉन्ट सी-डॅकचा ‘योगेश’. ऑफिसात तोच होता, मग रिटायर झाल्यावरही तोच. मी त्यांना युनिकोड शिकवायला गेले होते, तर म्हणाले, ‘योगेशनं मला कधी दगा दिला नाही.’ योगेशनं नाही दिला हो, आम्ही दिला. म्हणजे बघा, फाइल जिवंत, पण तिची भाषा समजणारं घरात कुणी उरलेलं नाही! कॉपी ठेवणं वेगळं आणि ती वाचता येणं वेगळं, हे माझ्या चाळीस स्लाइड्समध्ये कुठेच नव्हतं.

फॉन्ट बदलून देणारं एक कन्व्हर्टर मिळालं. त्यातून मराठी आली, पण रफार एकेक घर पुढे सरकलेले. ‘गर्दी’ची ‘गदीर्’, ‘कार्यालया’चं ‘कायार्लय’. मी एकेक रफार उचलून जागेवर बसवत गेले. सात प्रकरणं, रात्री दहा ते बारा, जवळजवळ तीन आठवडे. आणि असं करत करत मी शेवटी बाबांचं लिखाण वाचलं. एकेक अक्षर. डेडलाइन नव्हती.

चांगलं लिहायचे हो. पुरानंतर वाड्यातल्या लोकांनी चिखलातून आपापली भांडी कशी ओळखली, त्यावर दोन पानं आहेत. भांड्यांवर नावं घालतात ना आपल्याकडे? त्यावरून. फोटोवर कुणी नाव कोरत नाही, असं एक वाक्य आहे आणि पुढे परिच्छेद संपतो.

गणपतीत सांगलीहून आत्याचा फोन आला. मी सहज बोलता बोलता तिला सगळं रामायण सांगितलं. आत्या म्हणाली, ‘अगं, मग माझ्याकडे आहे ना!’

‘काय आहे?’

‘दादाचं ते. तो मला छापून पाठवायचा की पोस्टानं. म्हणायचा, तुला आठवतंय का तपास, आणि स्थळप्रत म्हणून ठेव.’

मी शनिवारी पहाटेची एसटी धरली.

आत्या पुराच्या वेळी सहा वर्षांची होती. पाण्याचा धसका तिनं बाबांइतकाच घेतलेला. बाबांची पानं तिनं धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत घालून, दोरीनं बांधून, माळ्यावर ठेवली होती. तळमजल्यावरच्या कपाटात का नाही? ‘कागद कधी खाली ठेवायचा नसतो,’ एवढंच म्हणाली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा आत्याच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. फ्रिज गेला, सोफा गेला, लग्नातलं कपाट फुगून दारासकट वाकलं. माळ्यावर दोरीची गाठसुद्धा ओली झाली नाही.

चौदा प्रकरणं. छापलेली, आणि समासात पेन्सिलीनं आत्याची टिपणं. ‘दादा, ट्रंक हिरवी नव्हती, निळी.’ ‘हे काका तेव्हा आपल्याकडे नव्हतेच, तू घुसडलेस.’ एका ठिकाणी नुसतंच, ‘हो. हो. असंच.’

बॅकअपच्या जगात ‘थ्री-टू-वन’ नावाचा एक नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं तो लोकप्रिय केला. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, दूर. पुण्यातली डिस्क, कपाटातली सीडी, सांगलीचा कागद. मोजा! बाबांनी क्रोगचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांचं आपलं वेगळंच तत्त्वज्ञान होतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली, ती लोकांच्या तोंडी होती म्हणून, असं ते म्हणायचे. आई म्हणायची, ‘अहो, चमत्कार म्हणा की सरळ.’ बाबा म्हणायचे, ‘हजार माणसांनी पाठ करणं हा काय कमी चमत्कार आहे?’

आता तुम्ही विचाराल, बाई, तू सध्या काय करतेस? करते. लॅपटॉपवरचं सगळं महिन्याच्या पहिल्या रविवारी एका डिस्कवर. कॉपी, कट नाही. काम झालं की वायर काढून डिस्क कपाटात, कारण रॅन्समवेअर आला तर जोडलेली डिस्कही तो सोडत नाही. दुसरी डिस्क आत्याकडे, गणपतीला आणि उन्हाळ्यात अदलाबदल. तिसरं क्लाउडवर, पैसे भरून. गूगल फोटोजचं फुकट अमर्याद प्रकरण 1 जून 2021 लाच संपलं, फुकटात 15 जीबी, त्यात मेलही आलं. आणि क्लाउड म्हणजे बॅकअप असं समजून गाफील राहू नका. सिंक चालू असेल तर तुम्ही इकडे उडवलेली फाइल तिकडेही उडते, मग ट्रॅशमध्ये काही दिवस काय ती धुगधुगी. शिवाय दुकानंही बंद होतात. ऑर्कुट आठवतंय? 30 सप्टेंबर 2014. तिथल्या टेस्टिमोनियल्स कुणी उतरवून घेतल्या? मी नाही. (त्यातल्या काही गेल्या ते बरंच झालं.)

बाबांचं मेलचं खातंही गेलं होतं, कारण वर्षानुवर्षं कुणी उघडलं नाही. मला पाठवलेलं ते मेल? माझं तेव्हाचं खातं कॉलेजचं होतं, डिग्रीबरोबर संपलं. तुमचं खातं गूगलचं असेल तर त्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे, आपण बराच काळ गप्प राहिलो तर आपला डेटा कुणाला द्यायचा ते आधीच सांगून ठेवता येतं. मी पस्तिशीची नव्हते तोवर असल्या गोष्टी मला अभद्र वाटायच्या.

आणि एक. वर्षातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल खरंच परत काढून, उघडून बघते. 31 मार्चला. 2011 पासून तो वर्ल्ड बॅकअप डे म्हणून पाळतात, एप्रिल फूल व्हायच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी इयर एंडिंगच्या नावानं सगळे बोंबलत असतात, त्यामुळे लक्षात राहतो.

बरं. सतरातून चौदा गेले, राहिले तीन. लग्न, कर्वेनगर, चिमणी. ही आत्याकडे नव्हती, कारण लहानपण संपलं तिथे तिची साक्ष संपली. डिसेंबरमध्ये आईला सत्तर पूर्ण होणार होती, तोवर बाबांचं पुस्तक छापायचं असं मी ठरवलं होतं. मी आईला घाबरत घाबरत सांगितलं, ‘लग्नाचं प्रकरण गेलं गं.’

आई भेंडी पुसत होती. म्हणाली, ‘बरंच झालं.’

‘अगं, काय बोलतेस!’

‘खरं तेच. त्यात त्यांनी लिहिलं होतं, मी बघायला आले तेव्हा पोह्यांत मीठ जास्त होतं. पोहे मी केलेच नव्हते, मामीनं केले होते. मी तेव्हाच सांगितलं, हे खोडा. म्हणून ते फायनल टू. तरी खोडलं नाहीच, नुसतं मिठाच्या जागी तिखट केलं.’

मी हसायला लागले, मग मला रडू यायला लागलं. आईनं भेंडी बाजूला ठेवली. म्हणाली, ‘आणि तुझं पण आहे पाठ. एकेक पान दोन-दोनदा वाचायचे. म्हणायचे, ती काही वाचत नाही, निदान तू ऐक.’

मी फोन टेबलावर उभा केला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. ‘सांग,’ म्हटलं.

‘आत्ता? कुकर लावलाय.’

‘लागू दे.’

आई बाबांचं प्रकरण काही बाबांसारखं सांगत नाही. मध्येच ‘हे त्यांनी लिहिलं नव्हतं, पण’ अशी गाडी घसरते, मग वीस मिनिटं तिचंच. बाबांच्या ‘चिमणी’त मी जन्मले तेव्हा पाऊस होता. आईच्या म्हणण्याप्रमाणे कडक ऊन होतं आणि बाबा हॉस्पिटलच्या दारात छत्री घेऊन उभे होते, कारण त्यांना घाबरल्यावर छत्री लागायची. पुस्तक डिसेंबरपर्यंत झालं नाही. अजून झालेलं नाही. आई रोज दुपारी चहानंतर अर्धा तास बोलते, आणि आता आम्ही कर्वेनगरच्या फ्लॅटच्या दुसऱ्या हप्त्यापर्यंत आलोय.

त्या पहिल्या दिवशी कुकरची तिसरी शिट्टी झाली तशी ती उठली. जाता जाता फोनकडे बोट करून म्हणाली, ‘हे जातं कुठे गं सगळं?’

मी सांगायला लागले. लॅपटॉप, मग डिस्क, मग क्लाउड...

‘ते राहू दे,’ आई म्हणाली. ‘लिहून काढ, छाप आणि एक सांगलीला पाठव. माळ्यावर ठेव म्हणावं.’